खडकवासला, रविवार

पुण्याला समुद्र नाही. म्हणून पुण्याने
धरणाच्या कडेला चौपाटी मांडली:
कणसं, कांदाभजी, कैरीच्या फोडी,
आणि एक घोडा, ज्याला चालायचा कंटाळा.

शेवंताआत्या धायरीहून पीएमटीने येते.
पीएमटीच म्हणते अजून.
उतरली की गुडघ्यांना म्हणते, चला रे.
पिशवी माझ्याकडे. पिशवीत बाटली, जुना पंचा,
आणि मूठभर काथ्या.

शेवटच्या गाडीपुढे दोनशे पावलांवर दगड आहे,
कमरेएवढा. वर चुन्याने पांढरा केलेला लोखंडी नांगर.
भरतीच्या साहेबाने नांगर म्हटलं तेव्हा
वेल्ह्याच्या पोराने विचारलं होतं, बैल कुठले?
ही गोष्ट आत्या दर रविवारी सांगते
आणि दर रविवारी आधी हसते, मग सांगते.

तीन तालुके, सात नावं.
बाकीची कुठल्या कुठल्या दगडांवर असतील.
चौथं: दुधाणे ज्ञा. रा., स्टोकर.
'णे'ची मात्रा झिजलीय, आता नुसतं दुधाण.
आत्या काथ्याने शेवाळ घासते,
पंच्याने पुसते,
मग ओल्या बोटाने ती मात्रा काढते.
वाळेपर्यंत नाव पुरतं असतं.

लग्नाला अकरा महिने. त्यातले चाळीस दिवस रजेचे.
"मी बोट म्हटलं की चिडायचे.
बोट हाताला असतं, म्हणायचे, मी जातो ते जहाज.
मग मी मुद्दाम म्हणायची."

तार आली तेव्हा ती शेणी थापत होती.
हात धुवावेत की आधी तार घ्यावी,
हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

मे महिन्यात पाणी हटतं.
चिखलातून जुनी बैलगाडीवाट वर येते,
कुणाच्या बांधाचे दगड, एकदा तर अख्खं जातं आलं,
खुंटा तसाच.
त्या दिवसांत आत्या दगडापाशी कमी थांबते,
पाण्याच्या कडेला जास्त.
समुद्राला दरवाजे नाहीत.
कुणी पाटबंधारेवाला त्याचं पाणी सोडत नाही.

पलीकडे प्रबोधिनीची पोरं
शिडाच्या होड्या वळवायला शिकतात.
एक पांढरं शीड कलंडतं, पोरं ओरडतात,
पुन्हा उभं राहतं.
आत्या तिकडे पाठ करून बसते.

आज मात्र नांगराला दोरी होती.
पायगुडेंच्या पोराने कणसाच्या गाडीची ताडपत्री
थेट नांगराच्या कडीला बांधलेली,
वाऱ्याने फडफडत, नावांवर सावली टाकत.
माझं डोकं फिरलं. मी बोललोही काहीबाही,
शहीद, लाज, असले शब्द.
पोरगं खाली मान घालून शेगडीच झळत राहिलं.

आत्याने दोरी हातात घेतली.
"ही काय गाठ? गाठ म्हणायची हिला?
एका झुळकीत जाईल ताडपत्री तुझी पाण्यात."
सोडली. दोरीचा फास केला, टोक खालून वर,
मागून वळसा, परत त्याच फासातून खाली.
सत्तरीची बोटं, पण एकदाही अडली नाहीत.
"वलणीवर शिकवलेली मला. रजेवर आले तेव्हा.
ताण आला की आवळते. एरवी
एका बोटाने सुटते. कर आता तू."

पोराने केली. चुकली. पुन्हा केली.
तिसऱ्यांदा तिने ओढून पाहिलं
आणि काही न बोलता सोडून दिलं.

ताडपत्री नांगरालाच राहिली.
मी काही म्हणालो नाही.

त्याने कणसाचे पैसे घेतले नाहीत. ती म्हणाली, घे.
तो म्हणाला, आजी, राहू द्या.
बराच वेळ चाललं. शेवटी
दहाची नोट शेगडीजवळच्या लिंबाखाली गेली.

बस उशिरा आली. मात्रा केव्हाच वाळली होती.
आत्या बिनदातांच्या बाजूने दाणे सोलत होती,
एकेक, निवडून.
मध्येच थांबून म्हणाली,
मीठ फार लावलंय रे मेल्याने.
आणि कणीस मला न देता
सगळं संपवलं.